भोपळ्याच्या वेलावर दरवर्षी येणारा ग्राउंडहॉग: निदान आणि टिकाऊ उपाय

मध्य न्यू जर्सीत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात लावलेला लाल भोपळ्याचा वेल जूनच्या मध्यावर दोन-तीन हात पसरतो, त्याची पाने तळहाताहून मोठी होतात, आणि मग एके दिवशी सकाळी पाहावे तर पाने नाहीशी झालेली असतात आणि देठांच्या काड्या तेवढ्या उभ्या असतात. शेंडा खुडलेला असतो, तुटलेल्या देठांच्या टोकांवरचा रस अजून ओला असतो, आणि शेजारच्या टोमॅटोच्या पानांना मात्र बहुधा कोणी तोंडही लावलेले नसते. हे काम ग्राउंडहॉगचे, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका जाडजूड, पाला खाणाऱ्या प्राण्याचे. ही अवस्था मी सलग तीन उन्हाळे पाहिली. पहिल्या वर्षी तिखटाचे आणि अंड्याचे फवारे मारले, दुसऱ्या वर्षी तीन फूट उंचीची जाळी लावली, तिसऱ्या वर्षी परवानाधारक माणसाला बोलावून पिंजरा लावला. प्रत्येक उपायानंतर दोन-तीन आठवडे शांततेत गेले आणि प्रत्येक वेळी तोच प्रकार पुन्हा घडला.

मागे वळून पाहताना कारण स्पष्ट दिसते. तिन्ही वर्षे मी प्राण्याला घालवण्याच्या मागे लागलो होतो आणि जागा जशीच्या तशी राहत होती. आवारातल्या सामानाच्या शेडखालचे त्याचे बीळ उघडे होते, जाळी जमिनीशी सुटी होती, आणि वेल सर्वांत कोवळा असण्याच्या काळातच उघड्यावर होता. एक ग्राउंडहॉग गेला की तयार बिळात दुसरा येऊन राहतो, हे तिसऱ्या वर्षी पिंजऱ्यातून एक नेल्यावर तीन आठवड्यांच्या आत मला कळले. चौथ्या वर्षापासून जागेची दुरुस्ती केली आणि तेव्हापासून वेल टिकले आहेत.

आपल्याकडे कोकणात भोपळ्याच्या वेलाला वानरांचा आणि साळिंदराचा उपद्रव असतो आणि त्यावर राखण हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे. इथे आलेली आपली मंडळी म्हणूनच प्रथम बुजगावण्याचा, डबे वाजवण्याचा किंवा चमकणाऱ्या पट्ट्या बांधण्याचा विचार करतात. ग्राउंडहॉगच्या बाबतीत तो फारसा लागू पडत नाही, कारण हा प्राणी लांबून चालून येत नाही. तो आपल्याच आवारात, आपल्या शेडखाली किंवा डेकखाली (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याखाली) राहतो, आपल्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला माहीत होतात, आणि आपण कामावर गेलो की भर दिवसाही तो निर्धास्त चरतो.

आधी चोर ओळखावा

कुंपणाचा खर्च करण्यापूर्वी नुकसान नेमके कोणाचे आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण सशासाठी पुरणारी जाळी ग्राउंडहॉगला पुरत नाही आणि ग्राउंडहॉगला अडवणारे कुंपण हरीण सहज ओलांडते. सुरुवात तुटलेल्या देठापासून करावी. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पाला ओढून तोडते आणि तुटलेली कड फाटकी, धाग्याधाग्यांची राहते. सशाचे दात धारदार असल्याने देठ सुरीने तिरका कापल्यासारखा स्वच्छ दिसतो आणि नुकसान जमिनीपासून फार उंच जात नाही. ग्राउंडहॉगचा घाव या दोहोंइतका सरळ ओळखता येत नाही, परंतु त्याच्या खाण्याचे प्रमाण त्याला उघडे पाडते. ससा चार रोपांची टोके कुरतडून जातो, तर ग्राउंडहॉग एका बैठकीत एका वेलाची जवळजवळ सगळी पाने संपवतो.

वेळही बरेच सांगून जाते. ग्राउंडहॉग दिवसा हिंडणारा आहे; तो मुख्यतः सकाळी लवकर आणि संध्याकाळी उतरत्या उन्हात बाहेर पडतो. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन वेल पाहून घ्यावा आणि उजाडताच पुन्हा पाहावा. रात्रीतून नुकसान झाले असेल, तर हरीण, रकून (रात्री हिंडणारा, पट्टेरी शेपटीचा प्राणी) किंवा उंदीर यांच्याकडे संशय वळवावा. सकाळी सातपर्यंत धड असलेला वेल नऊला उजाड झाला, तर ग्राउंडहॉगशिवाय दुसरे नाव बहुधा घेण्याची गरज नसते.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर पिठाचा प्रयोग करावा. वेलाभोवतीची माती हाताने सपाट करून तिच्यावर संध्याकाळी मैद्याचा पातळ थर चाळणीने पसरावा आणि दुसऱ्या दिवशी दव सुकण्यापूर्वी वाकून पाहावे. हरणाचा दुभंगलेला खूर लगेच ओळखू येतो. रकूनच्या पंज्याचा ठसा लहान मुलाच्या हातासारखा, पाचही बोटे लांब पसरलेला असतो. ग्राउंडहॉगच्या पुढच्या पायाला चार बोटे उमटतात, मागच्या पायाला पाच, आणि बोटांच्या पुढे नखांचे ठिपके वेगळे दिसतात. माझ्या वाफ्यात पहिल्याच सकाळी ते ठिपके शेडच्या कोपऱ्याकडून येऊन त्याच कोपऱ्याकडे परत गेलेले दिसले, आणि त्या रेषेच्या टोकाला, रोझ ऑफ शॅरनच्या झुडपामागे, बीळ सापडले.

बिळाची खूणही पक्की आहे. मुख्य तोंड सुमारे दहा-बारा इंच रुंद असते आणि त्याच्यासमोर उकरलेल्या मातीचा ढीग असतो. याखेरीज एक-दोन चोरवाटा असतात. त्या आतून उकरलेल्या असल्याने त्यांच्याभोवती मातीचा ढीग नसतो आणि गवतात त्या सहसा दिसत नाहीत. मुख्य तोंड बुजवून निश्चिंत झालेला माणूस याच चोरवाटांमुळे फसतो.

बी टोचल्यावर चार दिवसांत आळे उकरलेले सापडले आणि बी नाहीसे झाले, तर ते काम चिपमंकचे (जमिनीवर हिंडणाऱ्या लहान पट्टेरी खारीचे) किंवा उंदराचे समजावे. बीजपत्रे बाहेर पडताच रोप उपटून बाजूला टाकलेले दिसले, तर कावळ्याचे. आणि पाने जागेवर असूनही वेल दुपारी माना टाकत असेल, खोडाच्या बुंध्याशी भुश्यासारखा ओलसर चुरा दिसत असेल, तर ती खोड पोखरणारी अळी आहे. तिला कोणतेही कुंपण अडवत नाही आणि तो वेगळा विषय आहे.

तो परत का येतो

ग्राउंडहॉगलाच वुडचक म्हणतात. हा खारीच्या कुळातला, जमिनीवर राहणारा जाडजूड प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्याचे वजन साधारण दोन ते सहा किलो भरते. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून २ फेब्रुवारीला ज्याच्या सावलीवरून हिवाळा लांबणार की संपणार हे सांगितले जाते, तो हाच. त्या प्रथेमागचे जीवशास्त्र मात्र आपल्या कामाचे आहे. हा खरी शीतनिद्रा घेणारा प्राणी आहे. शरद ऋतूच्या अखेरीस तो बिळात शिरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडतो. लगेच विणीचा हंगाम सुरू होतो, साधारण एका महिन्याच्या गर्भकाळानंतर एप्रिल-मे महिन्यांत पिल्ले जन्मतात, आणि उन्हाळ्याच्या मध्यावर ती आईपासून वेगळी होऊन स्वतःचे बीळ शोधू लागतात.

आता हे वेळापत्रक भोपळ्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. आपण रोप लावतो तेव्हा मादी पिल्लांना दूध पाजत असते आणि तिची भूक मोठी असते. वेल हातभर पसरतो तेव्हा पिल्ले पाला खाऊ लागलेली असतात. फुले येतात तेव्हा तीच पिल्ले नवी जागा शोधत हिंडतात, आणि फळे पोसतात तेव्हा प्रत्येक ग्राउंडहॉग शीतनिद्रेसाठी अंगावर चरबी साठवत असतो. भोपळ्याच्या साडेतीन महिन्यांत असा एकही आठवडा नाही की त्याला भूक नाही. म्हणून "एवढा महिना काढला की झाले" अशी आशा धरून केलेला प्रत्येक तात्पुरता उपाय अपुरा पडतो.

पिंजरा लावून प्राणी दूर नेऊन सोडण्याचा सल्ला अनेक जण देतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत परवानगीशिवाय वन्य प्राणी एका जागेहून दुसरीकडे सोडणे बेकायदेशीर आहे, आणि त्यामागे रोगप्रसाराचे खरे कारण आहे. पूर्व अमेरिकेत रेबीज आढळणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत ग्राउंडहॉगची नोंद सर्वांत जास्त असते. पिंजऱ्यातल्या प्राण्याजवळ हात नेऊ नये. कुत्र्याची त्याच्याशी झटापट झाली तर कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी पशुवैद्याला कळवावे. मे-जूनमध्ये मादी पकडली गेली तर बिळातली पिल्ले उपाशी मरतात, हेही विसरता येत नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या हातून तसे झाले नसेल याची मला खात्री देता येत नाही, आणि त्यानंतर मी पिंजऱ्याचा मार्ग कायमचा सोडला.

कुंपण: खालून उकरणाऱ्यासाठी आणि वरून चढणाऱ्यासाठी

दुसऱ्या वर्षी मी लावलेली जाळी तीन फूट उंच होती, चांगली ताणून बांधली होती आणि जमिनीला टेकवून ठेवली होती. चौथ्या दिवशी तिच्याखाली घळ पडलेली दिसली. मी तिथे दगड रचले. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी साडेसहाला चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा असताना तो मला दिसला. त्याने दगडांचा वास घेतला, दोन पावले बाजूला सरकला, पुढचे पाय जाळीच्या चौकोनांत अडकवले आणि शिडी चढावी तसा वर गेला. काठावर पोट टेकवून क्षणभर थांबला आणि आत उतरला. एवढा जड प्राणी इतक्या सराईतपणे चढतो यावर मी ऐकून विश्वास ठेवला नसता. ताणलेली जाळी त्याला उलट मदतच करते, हे त्या दिवशी समजले.

म्हणून जाळीला दोन गोष्टी हव्यात: पायाशी बाहेरच्या बाजूला पसरलेली झालर आणि माथ्याशी सैल सोडलेला काठ. हे दोन्ही एकाच जाळीतून साधते. पाच फूट, म्हणजे ६० इंच रुंदीची गुंडाळी घ्यावी. तिचे खालचे १२ इंच काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर आडवे पसरावे, मधले ३६ इंच उभे राहतील, आणि वरचे १२ इंच खांबांना न बांधता बाहेरच्या बाजूला झुकते सोडावे. खांब सहा ते आठ फुटांच्या अंतरावर ठोकावेत आणि त्यांची उंची तीन फुटांवर जाऊ देऊ नये, म्हणजे वरचा काठ खरोखर लोंबता राहतो. ग्राउंडहॉग चढत चढत तिथे पोहोचला की त्याच्या वजनाने काठ त्याच्याच अंगावर वाकतो आणि तो मागे गवतात पडतो. चौथ्या वर्षी मी हे दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा तो चढताना दिसला नाही.

झालर बाहेरच्या बाजूला का, याचे उत्तर त्याच्या सवयीत आहे. तो अडथळ्याच्या अगदी पायाशी येतो आणि तिथेच उकरू लागतो. नखे लगेच तारेला लागतात. एक फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा, असे तो सहसा करत नाही. झालर आतल्या बाजूला वळवली तर हा सगळा फायदा जातो, कारण मग त्याला उकरायला मोकळी माती मिळते. झालर गवताखाली एक-दोन इंच पुरता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर ती जमिनीवर सपाट अंथरून दर फुटाला यू आकाराच्या सहा इंची लोखंडी खिळ्यांनी पक्की करावी. एका उन्हाळ्यात गवत तिच्यातून वर येऊन तिला धरून ठेवते. तोपर्यंत गवत कापण्याचे यंत्र त्या पट्ट्यावरून नेऊ नये. जाळी सरळ खाली १२ इंच पुरण्याची पद्धतही चालते, पण माझ्याकडच्या चिकणमातीत तेवढा चर खणण्यात दोन शनिवार-रविवार गेले असते, आणि अडवण्याचे काम झालर तितकेच चांगले करते.

जाळी कोणती घ्यावी, यावर थोडे थांबावे लागेल. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी स्वस्त आणि लवचिक असते, परंतु तिची तार बारीक असल्याने जमिनीला लागलेला भाग काही वर्षांत गंजतो आणि छिद्र कुठे पडले हे वेल गेल्यावरच समजते. दोन बाय चार इंचांच्या चौकोनांची, १४ गेजची वेल्डेड जाळी दणकट असते आणि मोठ्या ग्राउंडहॉगला अडवते, पण तिच्यातून सशाची पिल्ले सहज आत जातात. मी उभी चौकट वेल्डेड जाळीची ठेवली आणि तिच्या खालच्या दोन फुटांवर आणि झालरीवर अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, जस्ताचा मुलामा दिलेली हार्डवेअर क्लॉथ तारेने बांधली. खर्च वाढतो हे खरे. बारा बाय वीस फुटांच्या वाफ्याला ६४ फुटांचा घेर लागतो, त्यात कोपऱ्यांवर झालर कापून एकमेकींवर चढवावी लागते, तेव्हा ७० फूट धरून चालावे. हा खर्च एकदाच होतो आणि जाळी बरीच वर्षे टिकते.

बहुतेक कुंपणे फाटकापाशी हरतात. फाटकाखाली दोन इंचांहून जास्त फट राहिली तर बाकीच्या ६० फुटांचे कष्ट वाया जातात. तिथे झालर लावता येत नाही, म्हणून उंबऱ्यासारखी सिमेंटच्या लाद्यांची एक ओळ जमिनीत बसवावी, किंवा हार्डवेअर क्लॉथचा दोन फूट रुंद तुकडा फाटकाखाली आडवा पुरावा. फाटकाला कडी लावावी. नुसते टेकवलेले फाटक नाकाने ढकलले जाते.

एवढे करूनही एखादा चिकाटीचा प्राणी चढतच राहिला, तर कुंपणाच्या बाहेर चार-पाच इंचांवर आणि जमिनीपासून तितक्याच उंचीवर विजेच्या कुंपणाची एकच तार ओढावी. त्यासाठी बनवलेले मान्यताप्राप्त यंत्रच वापरावे, घरातल्या विजेची जोडणी कधीही करू नये. गवत तारेला लागले की झटका जमिनीत उतरून जातो, म्हणून खालचे गवत सतत कापावे लागते. घरात लहान मुले येत-जात असतील तर मी हा उपाय सुचवणार नाही, आणि काही नगरपालिकांत निवासी भागात त्याला मनाईही आहे. कुंपणाची उंची आणि प्रकार याबद्दल गृहसंस्थेचे नियमही आधी वाचून घ्यावेत. खांब ठोकण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांची आखणी करून घ्यावी. ती घरमालकाला विनामूल्य मिळते.

हे सर्व रोप लावण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवे. वेलाची चव एकदा लागली की तो प्राणी त्या जागेसाठी बराच खटाटोप करतो. आत काय आहे हेच माहीत नसेल तर एक-दोन प्रयत्नांत नाद सोडतो. मी आता मार्चअखेर, तो नुकताच जागा झालेला असताना, झालरीचा एकेक खिळा पायाने दाबून पाहतो आणि मेमध्ये रोपे लावतो.

वेल कुंपणाबाहेर गेला तर

भोपळ्याचा वेल दहा ते वीस फूट जातो आणि वाफ्याची सीमा पाळत नाही. जाळीतून बाहेर पडलेला शेंडा खाल्ला जाईलच, असे समजावे. जुलैमध्ये दर दोन दिवसांनी कोवळे शेंडे आतल्या बाजूला वळवत राहावे, पण ते लवकर करावे, कारण वेल प्रत्येक पेरापाशी जमिनीत मुळे सोडतो आणि एकदा ती रुजली की वेल उचलताना तुटतात. वेल जाळीवर चढू देऊ नये. जाड वेलाने वरचा सैल काठ जखडला की तो वाकत नाही आणि चढणाऱ्याला आयती शिडी मिळते. ज्यांची जागा लहान आहे त्यांनी झुडपासारखे वाढणारे वाण निवडावे.

रोपे लहान असताना त्यांच्यावर कमानी लावून पातळ कापडी आच्छादन टाकले तर ससे, कावळे, चिपमंक आणि भुंगेरे हे सगळेच काही आठवडे दूर राहतात. मात्र मादी फुले, म्हणजे पाकळ्यांखाली लहानसा गोल भोपळा असलेली फुले, दिसू लागताच ते काढावे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात मधमाशी आत गेली नाही तर फळ धरत नाही, पिवळे पडून गळते, आणि अनेक जण त्याचा दोषही प्राण्यांना देतात. पक्ष्यांसाठी मिळणारी प्लास्टिकची सैल जाळी जमिनीवर पसरू नये. तिच्यात निरुपद्रवी गार्टर साप अडकून तडफडून मरतात, आणि हे साप गोगलगायी खाऊन आपल्याला मदतच करत असतात.

रिकामे बीळ

कुंपण झाले तरी शेडखालचे बीळ उघडे राहिले तर दरवर्षी कुंपणाची नवी परीक्षा होत राहते. शिवाय सोडून दिलेल्या बिळात स्कंक, ओपॉसम किंवा कोल्हाही राहायला येतो. बीळ बंद करण्याचा योग्य काळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतचा आहे. त्याआधी आत पिल्ले असू शकतात आणि त्यानंतर शीतनिद्रेतला प्राणी आत कोंडला जाऊन मरतो.

सापडतील तेवढ्या तोंडांमध्ये वर्तमानपत्राचे सैल बोळे किंवा सुके गवत भरून ठेवावे आणि तीन दिवस उघडी हवा असताना पाहावे. बोळे बाहेर ढकललेले दिसले तर ग्राउंडहॉग आत आहे. बिळाभोवतीचे गवत आणि झुडपे छाटावीत, म्हणजे आडोसा गेल्याने त्याला तिथे राहणे असुरक्षित वाटू लागते, आणि पुन्हा वाट पाहावी. झुडपे छाटताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून नंतर अंगावर गोचीड नाही हे तपासावे. बोळे सलग तीन-चार दिवस जागचे हलले नाहीत, की तोंडावर तीन बाय तीन फुटांचा वेल्डेड जाळीचा तुकडा एक फूट खोल पुरून वर माती दाबावी. नुसती माती किंवा दगड त्याच्यासाठी एका सकाळचे काम आहे. बिळात सोडायच्या धुराच्या कांड्या मिळतात, पण त्या कार्बन मोनॉक्साइड वायू तयार करतात आणि जळतात; शेड, डेक किंवा घराजवळ त्यांचा वापर जिवावर बेतू शकतो. डांबराच्या गोळ्यांचा उल्लेख नेहमी होतो, म्हणून सांगतो की वेष्टनावर लिहिलेल्या वापराखेरीज त्या मोकळ्या जमिनीवर टाकणे कायद्याविरुद्ध आहे, आणि भाजीच्या वाफ्यात नॅप्थालिन मिसळणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही.

हरणे, खारी आणि फवारे

हरणांसाठी साडेसात-आठ फुटांचे कुंपण लागते. तेवढे शक्य नसेल, तर आधीच्या कुंपणाच्या बाहेर चार-पाच फुटांवर साधारण तितक्याच उंचीचे दुसरे हलके कुंपण घालावे. हरीण उंच उडी मारते किंवा लांब मारते, दोन्ही एकत्र करणे त्याला अवघड जाते. लहान, चिंचोळ्या वाफ्यात उडी घेणेही ते टाळते.

खारींना कुंपण अडवू शकत नाही. त्या पिकलेल्या फळाला भोक पाडून बिया खातात, म्हणून साल नखाने दबेनाशी झाली आणि देठ सुकू लागला की फळ वेलावर शोभेसाठी न ठेवता, तीन-चार इंच देठासह कापून आत न्यावे. त्याआधी मोठ्या फळांवर हार्डवेअर क्लॉथचा पिंजरा पालथा घालता येतो. व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदीर फळाला खालून कुरतडतो. फळाखाली फरशीचा तुकडा किंवा फळी सरकवावी आणि गवताचे जाड आच्छादन फळापासून दूर ठेवावे, कारण तेच त्याचे लपण्याचे ठिकाण असते.

फवाऱ्यांबद्दल माझे मत आता मर्यादित आहे. तिखटातल्या कॅप्सेसिनने सस्तन प्राण्यांचे तोंड पोळते, पक्ष्यांना ते जाणवत नाही. सडक्या अंड्याच्या वासाचे फवारे हरणांवर बऱ्यापैकी चालतात, परंतु खाण्याच्या भागावर मारण्यास त्यांतल्या बहुतेकांच्या वेष्टनावर मनाई असते. पाऊस पडला की दोन्ही धुऊन जातात, आणि वेल रोज नवी पाने काढत असल्याने कालचा फवारा आजच्या पानावर नसतो. कुंपण पूर्ण होईपर्यंतचे चार-आठ दिवस काढण्यासाठी ते वापरावेत. साबणाच्या वड्या, केस आणि न ऐकू येणाऱ्या आवाजाची यंत्रे यांच्यावर मी पैसे घालवले आहेत आणि त्यांतल्या एकाचाही गुण मला दिसला नाही.

खाल्लेला वेल वाचवताना

वेल उजाड झाला तरी तो लगेच उपटू नये. बीजपत्रांच्या वर खोडाचा एखादा पेर आणि एखाददुसरे पान शिल्लक असेल तर पानाच्या बगलेतून नवा फुटवा आठवड्या-दीड आठवड्यात डोके काढतो. त्या दिवशीच रोपावर पालथी टोपली किंवा जाळीचा तात्पुरता पिंजरा ठेवावा, पाणी बेताचे द्यावे, आणि नत्राचा भारी डोस देण्याचा मोह टाळावा, कारण पाने नसलेल्या मुळांना तो पेलत नाही. बीजपत्रांच्या खालून खोड तुटले असेल तर त्यातून काही उगवत नाही.

कोवळ्या फळावर नुसते दातांचे ओरखडे असतील तर ते ठेवावे. जखम भरून तिथे खडबडीत खपली धरते आणि फळ वाढत राहते. मुले कोवळ्या भोपळ्यावर खिळ्याने नाव कोरतात आणि फळाबरोबर ती अक्षरे मोठी होतात, तोच हा गुणधर्म आहे. गरापर्यंत भोक गेले असेल तर मात्र फळ कुजते. प्राण्याने खाल्लेल्या फळाचा उरलेला चांगला भाग घारग्यांसाठी कापून घेण्याचा विचार मनात येतो. तो सोडून द्यावा, कारण त्यांच्या लाळेतून आणि विष्ठेतून येणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

नवे बी टोचायचे असेल तर दिवस मोजावेत. इथे पहिले हिमदव साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर पडते, आणि लहान फळांच्या लवकर येणाऱ्या वाणांनाही ९० ते १०० दिवस लागतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टोचलेले बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात फळ देऊ शकते. त्यानंतर वेल खाल्ला गेला, तर मी त्या आळ्यात मेथी आणि मुळा पेरतो, आणि कुंपणाची झालर कुठे सुटली आहे ते शोधण्यासाठी गुडघ्यांवर बसून सगळा घेर हाताने चाचपतो.